कार्ट्रिजमधल्या सेलला सोल्डर लावू नका: गेमबॉयच्या फॉरवर्डला उत्तर

"जुना व्हिडिओ गेम फेकू नका! त्यातून बनवा ८-बिट संगीत, फक्त सहा टिप्स." हा फॉरवर्ड सध्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर फिरतो आहे. राजेंद्रनगरच्या मावशीने तो "सुट्टीत काहीतरी कर" म्हणून नातवाला पाठवला आणि नातू लगेच पेचकस घेऊन बसला. म्हणून हे लिहिणं आलं. गेमबॉय म्हणजे निन्टेंडोचं हातात धरून खेळायचं जुनं मशीन; त्यात घालायच्या डबीला कार्ट्रिज म्हणतात आणि संगीत रचायचा प्रोग्रॅम व त्यातली गाणी तिच्यातच राहतात. क्रमाने जायला वेळ नाही. चौथी टीप डोळा घालवणारी आहे, तिच्यापासूनच सुरुवात करतो.

टीप चार: "गाणी सेव्ह होत नसतील तर कार्ट्रिज उघडा, जुना बटण सेल उचकटा, नव्या सेलवर सरळ सोल्डर लावून तारा जोडा. चार्ज होणारा एलआयआर सेल घातला तर पुन्हा कधीच बदलावा लागणार नाही."

पहिलं वाक्य एवढंच खरं की जुन्या कार्ट्रिजमध्ये सेल असतो आणि तो मेला की सेव्ह जातं. पुढचं सगळं चूक. कार्ट्रिजमधला सेल लिथियमचा असतो. लिथियम वितळतं १८०.५ अंश सेल्सिअसला आणि सोल्डरिंग आयर्नचं टोक असतं साडेतीनशेच्या आसपास. सेलचं कवच स्टीलचं, त्यावर सोल्डर पटकन धरत नाही, म्हणून नवखा माणूस आयर्न दाबून धरतो. उष्णता आत जाते, कडेचं प्लास्टिकचं सील सुटतं आणि सेल फुटतो, तोही नेमका त्यावर वाकलेल्या तोंडासमोर. कारखान्यात सेलला पत्र्याच्या पट्ट्या क्षणभराच्या स्पॉट वेल्डिंगने जोडतात, ते याचसाठी.

एलआयआरची गोष्ट तर विनोदी आहे. कार्ट्रिजमध्ये सेल चार्ज करणारं सर्किटच नसतं. तो चार्ज होणार कशाने? शिवाय पूर्ण भरलेला एलआयआर ४.२ व्होल्टचा, आणि त्या जागी हवेत ३.

करायचंच असेल तर असं करा, आणि मोठ्या माणसाने करा. आधी सेव्ह बाहेर काढा. जीबीएक्सकार्टसारखं यूएसबी रीडर लागतं, त्याने सेव्हची फाइल संगणकावर उतरते. ही पायरी गाळली तर सेल सुटताक्षणी सगळी गाणी गेली, ती कोणीही परत आणू शकत नाही. कार्ट्रिजच्या स्क्रूला ३.८ मिलिमीटरचा गेमबिट (खास पेचकस) लागतो. तापवलेलं बॉलपेन खुपसण्याचा जो व्हिडिओ सोबत फिरतो आहे, त्याने स्क्रूचं डोकं जातं. आत सेलवरचा नंबर वाचा. बहुधा सीआर१६१६ किंवा सीआर२०२५ असतो. तोच घ्या, आणि पट्ट्या लावलेलाच मागा. जेल रोडच्या दुकानांत सुटा सेल हातावर टेकवून "यही चलेगा भिया" म्हणतील, घेऊ नका. सीआर२०३२ हा २०२५ पेक्षा ०.७ मिलिमीटर जाड असतो, मग झाकण नीट बसत नाही. जुन्या सांध्यावर थोडं ताजं सोल्डर आणि फ्लक्स लावा, पट्टी सैल झाली की उचला, नवी पट्टी बोर्डावरची + खूण पाहून ठेवा. आयर्न फक्त पट्टीच्या टोकाला, दोन-तीन सेकंद. मग मल्टिमीटरने ३ व्होल्ट येतात का पाहा आणि सेव्ह परत चढवा. हे सगळं नको असेल तर एफरॅमवाली कार्ट्रिज मिळतात. त्यांत सेव्हसाठी सेलच लागत नाही.

आणि काढलेला सेल टेबलावर ठेवू नका. लहान मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. उलटी करवायची नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं.

टीप तीनही त्याच फॉरवर्डमधली: "चार पेन्सिल सेलऐवजी ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावा, आवाज दुप्पट. सेल उतरत आले की सूरही उतरतो, मस्त जुना इफेक्ट येतो." पहिला गेमबॉय, म्हणजे १९८९ चा डीएमजी-०१, ६ व्होल्टवर चालतो. गेमबॉय पॉकेट आणि गेमबॉय कलर ३ व्होल्टवर. त्यांना ९ म्हणजे तिप्पट. आवाज किती मोठा हे चिपमधले आकडे आणि ॲम्प्लिफायर ठरवतात, जास्तीच्या व्होल्टने फक्त सर्किट जळतं. सूर उतरण्याची बातही खोटी, कारण चिपचं घड्याळ क्रिस्टलवर चालतं, ४.१९४३०४ मेगाहर्ट्झ. सेल उतरले की पडदा फिकट होतो, मशीन मध्येच रीसेट होतं आणि नेमकं तेव्हा सेव्ह चालू असेल तर गाणं बिघडतं.

टीप एक: "कोणतंही एमपी३ ८-बिटमध्ये बदला, चिपट्यून तयार." नाही. त्याने फक्त खरखरीत एमपी३ तयार होतं. चिपट्यून म्हणजे गेमच्या चिपने स्वतः वाजवलेलं संगीत. आठ बिटांचा असतो गेमबॉयचा प्रोसेसर. आवाजाच्या चार वाहिन्या तर चारच बिटांच्या आहेत: दोन पल्स, एक ३२ नमुन्यांची वेव्ह, एक नॉइज. गाणं म्हणजे या चौघांना दर क्षणी काय करायचं याची यादी. एलएसडीजे या ट्रॅकरचं (गेमबॉयवर सूर ओळीने लिहून गाणं रचायच्या प्रोग्रॅमचं) पूर्ण सेव्ह १२८ किलोबाइटचं, त्यात ३२ गाण्यांच्या जागा. १२८ केबीपीएसचं चार मिनिटांचं एक एमपी३ पावणेचार एमबीच्या वर जातं.

टीप दोनमध्ये "९९९९ इन १" ब्रिक गेमही चालेल म्हटलंय. त्याचा प्रोग्रॅम काळ्या इपॉक्सीच्या ठिपक्याखाली कायमचा छापलेला असतो, कार्ट्रिज घालायला जागाच नाही. पुढे बोलण्यासारखं काही नाही.

आता टीप पाच, कारण ती चूक असली तरी रंजक आहे: "फक्त इंग्रजी धून बसवा. आपले राग यात वाजत नाहीत, चिपमध्ये बाराच सूर पक्के भरलेले असतात, मींड अशक्य."

चिपमध्ये एकही सूर भरलेला नाही. तिथे ० ते २०४७ मधला एक आकडा लिहायचा असतो. गेमबॉयवर काम करणारे सगळे ज्या पॅन डॉक्सवर विसंबतात (१९९५ पासून सांभाळलेलं तांत्रिक टिपण), त्यात पल्स वाहिनीचं सूत्र स्वच्छ दिलंय: १३१०७२ भागिले (२०४८ वजा तो आकडा). आकडा १७५० लिहा, ४३९.८४ हर्ट्झ मिळतात. १७५१ लिहा, ४४१.३२. दोघांत अंतर ५.८ सेंट; अर्धस्वर म्हणजे १०० सेंट. बावीस श्रुतींच्या गणितातलं सगळ्यात लहान अंतर, ८१/८०, साधारण साडेएकवीस सेंटचं. ते इथे आरामात बसतं. खाली १३१ हर्ट्झच्या आसपास तर एक पायरी पावणेदोन सेंटची होते. बारा सुरांची चौकट ट्रॅकरच्या पडद्यावर आहे, आणि तिथेही एलएसडीजेमध्ये एल ही कमांड एका सुरावरून दुसऱ्यावर घसरवते, पी वाकवते, व्ही आंदोलन देते, एफ सूर किंचित सरकवते. इन्स्ट्रुमेंटमध्ये पिच फास्टवर ठेवलं तर घसरण सेकंदाला ३६० वेळा ताजी होते. टिकवर ठेवलं की पायऱ्या ऐकू येतात. बहुतेकांची मींड इथेच फसते आणि दोष चिपला जातो.

थोडं खरं आहे, तेही सांगतो. वरच्या सप्तकांत पायऱ्या रुंद होत जातात. २०९३ हर्ट्झ हवे असतील तर हाती येतात २०८०.५ किंवा २११४. मधलं काही नाही. तिथे मींड म्हणजे जिनाच. उपाय सोपा, चीज खाली आणा. वेव्ह वाहिनीच्या सूत्रात १३१०७२ च्या जागी ६५५३६ येतात, म्हणजे त्याच सुराला पायरी दुप्पट रुंद. म्हणून मींड पल्सवर आणि षड्ज वेव्हवर. वेव्ह ३२ हर्ट्झपर्यंत उतरते, पल्स ६४ ला थांबतो. तंबोऱ्याची तार हळूहळू विझते तसं वेव्हवर आवाजाने करता येत नाही, कारण तिला बंद, पाव, अर्धा आणि पूर्ण एवढेच चार टप्पे. त्यासाठी एलएसडीजेमधल्या सिंथच्या पडद्यावर १६ लहरींची मालिका उतरत्या क्रमाने बनवावी लागते.

उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या इंदुरात बसून "राग वाजत नाहीत" लिहिणं जरा जास्तच झालं. त्यांच्या गाण्यातला मेरुखंड म्हणजे सुरांचे पालटे (त्याच सुरांचे बदलते क्रम), आणि पालटे मांडायला ट्रॅकरइतकी सोयीची वही नाही. चार सुरांचे २४ पालटे, म्हणजे ९६ घरं. एका फ्रेजमध्ये (सुरांच्या छोट्या ओळीत) १६ घरं, म्हणून सहा फ्रेज, आणि एका चेनमध्ये (फ्रेजांच्या साखळीत) १६ फ्रेज मावतात. सात सुरांचे ५०४० पालटे मात्र मांडायला जाऊ नका. त्याला २२०५ फ्रेज लागतील, एलएसडीजेमध्ये आहेत २५५. आणखी एक खड्डा: चेनमधला ट्रान्सपोज सगळे सूर सारख्याच अर्धस्वरांनी उचलतो. शुद्ध सा रे ग म सात अर्धस्वर वर नेलं तर प ध नी सां बरोबर येतं, पण पाच अर्धस्वर नेलं की म प ध नंतर कोमल नी घुसतो आणि बिलावल गेला. तिथे सूर हातानेच लिहावे लागतात.

उरली सहावी: "हेडफोनच्या दोन तारा जोडून स्पीकरला द्या. मोबाइलवरचं सगळं नकली." डाव्या-उजव्या तारा जोडल्या की डावं-उजवं वाटलेलं सगळं एकत्र होतं, आणि हेडफोनचा छोटा ॲम्प्लिफायर मोठा स्पीकर ओढू शकत नाही. हेडफोनमध्ये खरखर असते हे मान्य, डीएमजीचा खर्ज भरदार आहे हेही मान्य. त्यासाठी लोक व्हॉल्यूमच्या चाकाच्या आधीच्या टोकांवरून डावी, उजवी आणि ग्राउंड अशा तीन शील्डेड तारा काढून वेगळं सॉकेट बसवतात. मग चाकाचा त्या सॉकेटवर ताबा राहत नाही, मिक्सर लागतोच. पडद्यामागे बॅकलाइट बसवला असेल तर त्याची शिट्टीही बरोबर येते. जुनं मशीन विकत घेणार असाल तर गेमबॉय ॲडव्हान्स एसपीला हेडफोनचं छिद्र नसतं आणि निन्टेंडो डीएस गेमबॉयची कार्ट्रिज घेत नाही, एवढं पाहून घ्या.

पण नातवाला यातलं काही लागत नाही. संगणकावर सेमबॉय किंवा एमजीबीए हा एम्युलेटर (गेमबॉयची नक्कल करणारा प्रोग्रॅम) आणि त्यात एलएसडीजे, किंवा फोनवर नॅनोलूप. एलएसडीजेच्या साँग पडद्यावर ए बटण दोनदा दाबलं की नवी चेन. सिलेक्ट धरून उजवीकडे, पुन्हा ए दोनदा, की फ्रेज. पुन्हा उजवीकडे, तिथे ए दाबून सूर. ए धरून डावं-उजवं केलं की अर्धस्वर, वर-खाली केलं की सप्तक बदलतं, आणि स्टार्ट दाबलं की वाजतं. पेचकस परत डब्यात ठेवायला सांगा.