२५२० ची 'जादू' म्हणजे शाळेतला लसावि

परत तोच फॉरवर्ड आला. "२५२० ही जगातली एकमेव संख्या जिला १ ते १० सगळ्यांनी भाग जातो, रामानुजनचा शोध, जगभरचे गणिती थक्क, आणि गुपित काय तर आठवड्याचे ७ दिवस × महिन्याचे ३० दिवस × वर्षाचे १२ महिने." खाली हात जोडलेले इमोजी. भाग जातो हे खरंय, बाकीचं एकेक बघू.

एकमेव? अहो दुप्पट करा, ५०४०, तिलाही जातो. तिप्पट ७५६०, तिलाही, आणि या संपतच नाहीत. २५२० ही त्यातली सगळ्यात लहान, म्हणजे १ ते १० चा लसावि, जो आपण सगळ्यांनी शाळेत काढलाय आणि विसरलोय. ५, ७, ८, ९ यांचा गुणाकार करा, झालं, बाकीचे त्यातच येऊन जातात. काही जण "कुठल्याही संख्येने भाग जातो" असंही चिकटवतात, त्यांनी ११ ने करून बघावं, १ उरतो. मला विचाराल तर शेजारची २५१९ जास्त गमतीची: १० ने भागली की ९ उरतात, ९ ने ८, ८ ने ७, असं उतरत उतरत २ ने १, आणि ११ ने मात्र बाकी शून्य!

आता ते ७ × ३० × १२. गुणाकार बरोबर, पण सगळे महिने ३० दिवसांचे कधीपासून झाले? खरे ३६५ घेतले तर ३६५ × ७ = २५५५, तिला साधा २ नेसुद्धा भाग जात नाही. गंमत वेगळीच आहे. ३० × १२ = ३६०, आणि ३६० ला १ ते १० मधल्या फक्त ७ ने भाग जात नाही, बाकी सगळ्यांनी जातो (वर्तुळाचे ३६० अंश इतके सोयीचे का पडतात ते यातच आलं). मग ७ ने गुणलं की उरलेली एक अडचण गेली. आठवडा ८ दिवसांचा असता तर २८८० आले असते आणि ७ तिथेच अडला असता.

आणि रामानुजनचा शोध हे वाचून तर मला रागच येतो, कारण लसावि काढायची रीत युक्लिडने इ.स.पू. ३०० च्या आसपासच लिहून ठेवलीये आणि रामानुजनने खरं जे केलं ते याच्या कितीतरी पुढचं आहे. १९१५ मध्ये लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीने त्याचा मोठा पेपर छापला, विषय हायली कंपोझिट नंबर, म्हणजे आपल्यापेक्षा लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा ज्यांचे विभाजक जास्त अशा संख्या. ४८ विभाजकवाली २५२० त्यात आहेच, पण अगदी सुरुवातीला कुठेतरी. त्याचा तक्ता थेट ६७,४६,३२,८३,८८,८०० पर्यंत जातो, विभाजक १०,०८०, आणि हे सगळं कॅल्क्युलेटर नसताना. एवढ्या लांबलचक यादीत एक मात्र त्याच्या हातून सुटली: २,९३,३१,८६,२५,६००. त्या शेवटच्या संख्येला २३ ने भागलं की नेमकी हीच येते, आणि हिचे विभाजक किती, तर ५०४०.