दात दिसले म्हणजे हसू नव्हे!

सुटका केलेल्या वानरांच्या अभयारण्यात शिरताच काही पाहुण्यांच्या अंगात नेमके काय संचारते? जाळीवर थापा मारायच्या, हुप्प-हुप्प ओरडायचे आणि भेदरलेल्या चिंपांझीने ओठ मागे ओढून दात दाखवले की ‘बघा, कसा हसतोय!’ म्हणत सेल्फी काढायचा! नाक गळत असतानाही हे महाभाग मास्क हनुवटीवर टांगून जाळीला चिकटतात. 2013 साली युगांडातील किबाले जंगलात माणसाच्या साध्या सर्दीच्या विषाणूने 5 चिंपांझी दगावले, याचे त्यांना काय? वर ‘पिल्लू कडेवर घेता येईल का?’ ही फर्माईश आहेच. अहो, बहुधा आईला मारूनच ते पिल्लू पकडले गेले. आता तुमची कडही त्याने सोसायची का?