तिळगूळ घेतला, पण आज गोड बोलणार नाही

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी व्हिडिओ टाकला. तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यातले शेतकरी, चुलीवर उतू जाणारा पोंगल आणि मागे मिशीवाल्या गोऱ्या साहेबाचा हार घातलेला फोटो. खाली काकांचं भाष्य: 'ही मानसिक गुलामी कधी जाणार?' त्यावर धडाधड अंगठे.

तिथे बोलले असते तर अ‍ॅडमिनने हाकललं असतं, म्हणून इथे लिहितेय.

तो साहेब म्हणजे कर्नल जॉन पेनिक्विक, केरळच्या डोंगरातल्या मुल्लपेरियार धरणाचा इंजिनियर. आज त्याचा वाढदिवस, १५ जानेवारी १८४१. जन्मगाव कुठलं माहितीये का काका? पुणे!

मला हे कळलं ते कंबमच्या एका चहाच्या टपरीवर. मदुराईहून थेक्कडीला निघालो होतो, गाडी थांबली. भिंतीवर मुरुगन आणि त्याच्या शेजारी हाच साहेब, दोघांना सारखाच हार. ड्रायव्हरने टपरीवाल्याला सांगितलं, हे लोक पुण्याचे. तो माणूस गल्ला सोडून बाहेरच आला. साहेबाच्या गावची माणसं म्हणून चहाचे पैसे घेईना. शेवटी नवऱ्याने बळेच नोट ठेवली, तर त्याने हातात केळ्यांची फणी दिली.

आता गुलामीचं बघू. पेरियार नदी पश्चिमेला वाहते, समुद्राला मिळते. डोंगराच्या पूर्वेला वैगईचं खोरं, तिथे पाण्याची बोंब. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दक्षिणेत माणसं लाखांनी मेली. पेरियार अडवायची आणि डोंगर पोखरून तिचं पाणी उलट्या दिशेला न्यायचं, ही कल्पना आधीपासून होती. ती तडीस नेली पेनिक्विकने. १८८७ ला काम सुरू. निबिड जंगल, हिवताप, आणि बांधलेलं वाहून नेणारे पूर. माणसं किडामुंगीसारखी मेली, त्यांची थडगी अजून धरणाजवळ आहेत. चुना आणि सुरकीत, म्हणजे विटांच्या भुकटीत, उभं केलेलं धरण, पावणेदोन किलोमीटरचा बोगदा, आणि १८९५ मध्ये पाणी पलीकडे. आज थेनी, मदुराईपासून रामनाथपुरमपर्यंत त्यावर शेतं उभी आहेत.

हो, ठाऊक आहे. सरकारने पैसे बंद केले तेव्हा त्याने इंग्लंडमधली इस्टेट विकली, ही गोष्ट दंतकथा असेल. पैसा मद्रास सरकारचा होता आणि सरकारला महसूल हवा होता. त्रावणकोर संस्थानाकडून, म्हणजे आजच्या केरळकडून, जमिनीचा ९९९ वर्षांचा करार, एकराला वर्षाला पाच रुपये, हा तर उघड दांडगेपणा. इतकं जुनं धरण फुटेल या भीतीने केरळात धरणाखाली राहणाऱ्यांना रात्री झोप लागत नाही, तेही खरं. झालं समाधान?

पण टपरीवाल्याला यातलं काही सांगायला जाल का तुम्ही? त्याच्या बापाने वर्षात दोनदा भात काढला तो या पाण्यावर. ज्याने ताटात भात वाढला त्याला त्याने हार घातला. राणीचा फोटो नव्हता हो तिथे, व्हाइसरॉयचाही नव्हता. इंजिनियरचा होता! ज्याला इतका नेमका फरक कळतो, त्याला गुलाम म्हणायचं?

आणि आपण मोठे स्वाभिमानी. खडकवासल्याचं पाणी पिऊन मोठे झालो. ते धरण बांधणाऱ्या फाइफ साहेबाच्या नावाने तलावाला एकेकाळी लेक फाइफ म्हणायचे, हे चौपाटीवर कणीस खाणाऱ्यांपैकी कितींना माहीत आहे? बरं, गोरा नको तर नको. पुढची धरणं आपल्याच माणसांनी बांधली ना? त्यातल्या एका इंजिनियरचं नाव सांगा. एका गवंड्याचं, एका वडाराचं? उजनी, कोयना, कुठलंही घ्या. मंत्र्यांची नावं मात्र तोंडपाठ.

जाऊ दे. लिहिता लिहिता राग जरा उतरला.

एक गोष्ट राहून राहून आठवते. १८४९ मध्ये पंजाबातल्या चिलियांवालाच्या लढाईत पेनिक्विकचा बाप आणि सतरा वर्षांचा थोरला भाऊ एकाच दिवशी मारले गेले. हा तेव्हा आठ वर्षांचाही झाला नव्हता. शिखांचं राज्य गिळायलाच गेले होते ते, मला त्यांचा पुळका नाही. पण ज्या देशाने घरातले दोन पुरुष खाल्ले, तिथेच हा मुलगा विशीत इंजिनियर होऊन परत आला आणि आयुष्याचा मोठा भाग इथल्या पाण्याच्या मागे घालवला. द्वेष नसेल का आला त्याला? की नोकरी ती नोकरी? टपरीवाल्याला विचारायला हवं होतं, तो त्याला घरच्यासारखा ओळखत होता.

२०१३ मध्ये तमिळनाडू सरकारने थेनी जिल्ह्यात लोअर कॅम्पला त्याचं स्मारक उभारलं. २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये, कॅम्बर्लीला पुतळा बसवला. पुण्यात त्याच्या नावाची एक पाटी लावायची तर परवानगी कुणाकडे मागायची, हे कुणाला माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा. मजकूर मी लिहीन. काकांना लिहायला देऊ नका.