‘डॉक्टर नको, पिल्लू आणा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला: सोसायटीच्या, शाळेतल्या पालकांच्या आणि माहेरच्या. मजकूर साधारण असा. मूल चिडचिडं, गप्प-गप्प झालंय? मानसोपचारतज्ज्ञाकडे पैसे घालवू नका, घरी कुत्र्याचं पिल्लू आणा. प्राण्यांसोबत वाढणाऱ्या मुलांना नैराश्य येत नाही, हे विज्ञानाने सिद्ध झालंय. कुत्र्याच्या डोळ्यांत बघितलं की प्रेमाचं हार्मोन वाढतं. जबाबदारी आणि माया मूल आपोआप शिकतं. प्राण्यांची भीती असेल तर तीही जाते. आणि शेवटी, ‘आजोबांच्या गोठ्यात गुरं होती, म्हणून तेव्हा मुलांना डिप्रेशन नव्हतं.’ खाली जोडलेले दोन हात.

मी कुत्र्यांच्या विरोधातली नाही. आमचा बंड्या नऊ वर्षांचा गावठी आहे आणि हे टाइप करताना तो माझ्या पावलांवर डोकं टाकून घोरतोय. माझं भांडण त्या मेसेजशी आहे.

‘सिद्ध झालंय’ यावर बाकीचा सगळा डोलारा उभा आहे, म्हणून आधी ते घेते. अमेरिकेतल्या रँड या संस्थेच्या संशोधकांनी २०१७ साली कॅलिफोर्नियातल्या ५,००० हून अधिक मुलांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या नजरेत मेसेजवाले जिंकले. ज्या घरांत कुत्रा किंवा मांजर होतं तिथली मुलं जास्त तंदुरुस्त होती आणि त्यांच्या मनःस्थितीची, वागण्याची काळजी पालकांना कमी होती. मग संशोधकांनी घराघरांतला बाकीचा फरक, म्हणजे उत्पन्न, घर कसलं आहे वगैरे, हिशेबात धरला आणि गणित पुन्हा मांडलं. प्राण्यामुळे म्हणून दाखवता येईल असा फायदा उरलाच नाही.

यात आश्चर्य काय? आपल्याच आजूबाजूला बघा ना. कुत्रा कोण पाळतं? ज्याचं घर स्वतःचं आहे, कारण भाड्याच्या घरात ‘नॉनव्हेज आणि कुत्रा चालणार नाही’ हे मालक पहिल्याच भेटीत सांगतो. ज्याच्या घरी दिवसा कुणीतरी असतं. ज्याला लसी, खाणं, गावाला जाताना त्याला ठेवायची सोय हे सगळं झेपतं. ज्या घराला कुत्रा परवडतो त्या घराला आणखीही बरंच परवडतं, आणि मूल त्या सगळ्यात वाढत असतं. श्रेय मात्र शेपटी हलवणाऱ्याला.

हार्मोनचं थोडक्यात. कुत्रा आणि मालक एकमेकांकडे बघत राहिले की ऑक्सिटोसिन, म्हणजे मेसेजमधलं ते ‘प्रेमाचं हार्मोन’, वाढतं, असा जपानी संशोधकांचा अभ्यास २०१५ साली आला, तो खरा आहे. अर्ध्या तासाच्या सहवासाआधी आणि नंतर लघवीचे नमुने घेऊन ते मोजलं होतं. मुलांच्या नैराश्यावर इलाज शोधायला तो अभ्यास केलाच नव्हता. अर्ध्या तासाचं बरं वाटणं आणि आजार बरा होणं यात केवढं अंतर आहे, हे दातदुखीत लवंग धरून बसलेला कुणीही सांगेल.

आता ‘डॉक्टर नको’. याचा मला सगळ्यात राग आला. मुलांच्या मानसोपचारात प्राणी आणण्याची गोष्ट सुरू झाली ती एका मानसोपचारतज्ज्ञाच्याच खोलीत. न्यूयॉर्कचे बाल-मानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्याकडे एक अबोल मुलगा ठरलेल्या वेळेच्या आधीच आला. तेव्हा त्यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा खोलीतच होता. तो धावत जाऊन मुलाला चाटू लागला, मुलगा त्याला कुरवाळू लागला, आणि उपचाराला वाट सापडली. १९६२ साली लेव्हिन्सननी यावर लेख लिहिला, त्यात कुत्र्याला त्यांनी ‘सह-उपचारक’ म्हटलं. ‘सह’ हा शब्द मेसेजवाल्यांनी गाळला. दार उघडलं कुत्र्याने, पण आत जाऊन काम करणारा माणूस तिथेच खुर्चीत बसलेला होता. ऑटिझम असलेल्या मुलांच्या वर्गात गिनी पिग आणले तेव्हा ती खेळण्यांच्या तुलनेत जास्त हसली, जास्त बोलली, हेही ऑस्ट्रेलियात दिसलंय. मला त्याचा आनंदच आहे. पण तिथेही बरोबर मोठी माणसं होती, वेळ ठरलेली होती, आणि कुणी उपचार बंद केले नव्हते. बाकी पैशांचा प्रश्न असेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात.

जबाबदारी ‘आपोआप’ शिकण्याचं उदाहरण आमच्याच जिन्यात घडलं. वरच्या मजल्यावर दहा वर्षांच्या मुलासाठी लॅब्राडोरचं पिल्लू आलं. तीन आठवडे मुलगा त्याच्यासोबत जमिनीवर झोपला. मग सहामाही परीक्षा आली. पहाटे साडेपाचला शीचे पेपर आई उचलायला लागली, दुपारी पिल्लू बाल्कनीच्या ग्रिलला बांधलेलं, त्याचं केकाटणं तीन मजले खाली ऐकू यायचं. चौथ्या महिन्यात ते कुणाच्या तरी फार्महाउसवर ‘चांगल्या जागी’ गेलं. मुलगा लिफ्टपाशी भेटला, बंड्याचे कान चोळत म्हणाला, “काकू, तो मला ओळखेल का आता?” चिडचिडा होता म्हणून पिल्लू आणलेलं, आता तो चिडतही नाही.

प्राणी दुरावणं मुलांना लागतं. ब्रिस्टल आणि परिसरातल्या ६,००० हून अधिक मुलांच्या माहितीवरून २०२० साली आलेल्या अभ्यासात, पाळीव प्राण्याचा मृत्यू अनुभवलेल्या मुलांमध्ये मानसिक त्रासाची लक्षणं जास्त आढळली, मुलग्यांत तर ठळक. संबंध दिसला म्हणजे तेच कारण असं नाही, हे इथेही लागू. मेसेजला लावलेली कसोटी मलाही चुकवता येणार नाही. पण निदान एवढं तरी की ‘दुसरा आणू’ हे उत्तर होत नाही.

भीतीचं. कुत्र्याला घाबरणाऱ्या मुलाच्या घरात कुत्रा आणणं म्हणजे पोहणं शिकवायला विहिरीत ढकलणं. (माझ्या मामाला असंच शिकवलं. तो आजही काठावर जात नाही.) या भीतीवर चांगले उपचार आहेत आणि ते पायरीपायरीने, मुलाला विचारून होतात: आधी लांबून बघायचं, मग साखळी दुसऱ्याच्या हातात असताना जवळ, मग पाठीवर बोट. शिवाय चावा. मूल तो लपवतं, कारण कुत्र्याला घालवून देतील ही धास्ती. त्याला आधीच सांगून ठेवा की चावलं, ओरबाडलं तरी रागावणार नाही. लगेच साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि दवाखाना गाठायचा.

राहता राहिला आजोबांचा गोठा. १९७२च्या दुष्काळात आमच्या आजोबांनी बैलजोडी बाजारात नेऊन विकली. धाकटे काका तेव्हा दहा वर्षांचे. त्यातल्या सर्ज्याला तेच पाण्यावर न्यायचे. त्यानंतर महिनाभर ते कुणाशी बोलले नाहीत, भाकरी पुढ्यात तशीच. आजीने मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली, देवर्षाकडून अंगारा आणला. ‘पोराला बाहेरचं झालंय’ असं ठरलं. डिप्रेशन नव्हतं म्हणे.

माहेरच्या ग्रुपवर या मेसेजला पहिला अंगठा धाकट्या काकांचाच होता. मी फोन करून सर्ज्याची आठवण काढली. बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. मग म्हणाले, “अगं, शेवटपर्यंत वाचलाच नव्हता मी.”