फ्लॅट विकायचाय, विथ पार्किंग

बाबांचा नाशिकच्या इंदिरानगरमधला फ्लॅट एकदाचा विकला गेला. सगळे विचारतायत एवढे महिने का लागले, तर कारण आहे पार्किंग. पहिल्या मजल्यावरचे काका आणि आम्ही, यांच्यातलं जुनं भांडण. माझ्या ओळखीतल्या अजून दोन घरात सध्या हेच चालू आहे म्हणून सविस्तर लिहितेय.

बिल्डिंग १९९८ ची. तीन मजले, बारा फ्लॅट, खाली स्टिल्ट, म्हणजे खांबांमधली मोकळी पार्किंगची जागा. तेव्हा आमच्याकडे मारुती ८०० आणि काकांकडे पण मारुती ८००, दोन खांबांच्या मधे दोन्ही गाड्या लागायच्या आणि त्यांच्या मधून आई बादली घेऊन तुळशीला पाणी घालायला जायची एवढी जागा असायची. वीसेक वर्षं एका शब्दाने वाद नाही. मग काकांच्या मुलाने इनोव्हा क्रिस्टा घेतली, बाबांनी नेक्सॉन घेतली आणि तिथून सुरू झालं. दाराला ओरखडा, आरसा मुडपला नाही, रात्री अकरा वाजता बेल वाजवून "गाडी पुढे घ्या". बाबा गेले तेव्हा तेराव्यानंतर चारच दिवसांनी अपार्टमेंटच्या ग्रुपवर आमच्या गाडीचा फोटो पडला, बघा कशी लावलीय म्हणून. तो फोटो मला फार लागला. त्यानंतर मी काकांशी बोलणंच सोडलं.

फ्लॅट विकायला काढला तेव्हा जाहिरातीत लिहिलं, टू बीएचके, विथ पार्किंग. पहिलीच पार्टी सिन्नरची, नवरा-बायको दोघं नोकरीवाले, घर आवडलं, टोकनपर्यंत बोलणं आलं आणि खाली उतरताना काका त्यांना म्हणाले, "पार्किंगचं नीट विचारून घ्या हं, त्याच्यावर वाद आहे." झालं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन, ताई आम्ही थांबतो. मी त्या दिवशी रडले.

एजंट म्हणाला टोकन घेऊन मोकळ्या व्हा, पार्किंगचं पुढे त्यांचं ते बघतील. नातेवाईकही तेच. मामा तर म्हणाला सिंहस्थ तोंडावर आलाय, भाव चढतील, थांब वर्षभर. हे "त्यांचं ते बघतील" मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेऊन कोणीतरी आयुष्यातलं पहिलं घर घेणार आणि त्याला आपण किल्लीबरोबर एक चालू भांडण हातात देणार, हे कसं चालेल? कायद्यातही ते बसत नाही, मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५५, ज्या मोठ्या दोषाची घेणाऱ्याला कल्पना नाही आणि साधी काळजी घेऊनही जो त्याला कळला नसता तो विकणाऱ्याने सांगायचाच असतो.

मग बाबांची फाईल काढली. करारनाम्यात फ्लॅटचं क्षेत्रफळ, खिडक्या, फरशी सगळं आहे, पार्किंगचा शब्द नाही. इंडेक्स टू मधे, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या दस्ताच्या उताऱ्यात, नाही. फक्त बिल्डरची एक पिवळी पडलेली पावती, पार्किंगपोटी २५ हजार. वकिलांनी आमचं डिक्लेरेशन (कुठला फ्लॅट कोणाचा आणि कुठली जागा सामाईक हे लिहिलेला अपार्टमेंटचा नोंदणीकृत दस्त) बघितलं तर त्यात स्टिल्ट कॉमन एरियात धरलेला. आणि सुप्रीम कोर्टाचा ३१ ऑगस्ट २०१० चा निकाल आहे, पंचाली सोसायटीचा, की बिल्डरला स्टिल्टमधलं पार्किंग वेगळं विकताच येत नाही, ती सगळ्यांची सामाईक जागा. (काही अपार्टमेंटच्या डिक्लेरेशनमधे ठराविक पार्किंग ठराविक फ्लॅटला दिलेलं असतं, तसं असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून आपलं डिक्लेरेशन वाचाच.) म्हणजे बाबांनी पैसे भरले, पंचवीस वर्षं गाडी लावली, पण जागा आमच्या मालकीची कधी झालीच नव्हती. काकांच्याही नाही. ज्या जागेवरून आम्ही एकमेकांची तोंडं बघत नव्हतो ती दोघांचीही नाही! आणि मी जाहिरातीत जे लिहीत होते ते खोटं होतं, हे मला मान्य करायला आठवडा लागला.

रविवारी सकाळी टेप घेऊन काकांची बेल वाजवली. म्हटलं, "काका, भांडायला नाही आले. एकदा मोजू या का?" ते काही न बोलता चप्पल घालून खाली आले. खांब ते खांब ४ मीटर ६० सेंटिमीटर. मारुती ८०० ची रुंदी १.४४ मीटर, दोन गाड्या लावून पावणेदोन मीटरच्या आसपास जागा उरायची. क्रिस्टा १.८३, नेक्सॉन साधारण १.८०, उरतात ९७ सेंटिमीटर, आणि ते पण एका खांबाची बाजू, मधली फट आणि दुसऱ्या खांबाची बाजू असे तीन ठिकाणी वाटून. दार उघडणार कुठून? कोणी कोणाची जागा खाल्ली नव्हती. गाड्या वाढल्या, खांब तिथेच राहिले.

काका टेपचं टोक धरून खाली बसायला गेले आणि त्यांना बसता येईना. तेव्हा कळलं, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दार पूर्ण उघडल्याशिवाय त्यांना गाडीतून पाय बाहेर काढता येत नाही, म्हणून गाडी तिरकी लागायची. मला माहीतच नव्हतं, कसं असणार, मी बोलतच नव्हते. वर चहा झाला. काकू गवती चहा घालतात, अजून तसाच. निघताना काका म्हणाले, "तो फोटो टाकायला नको होता पोरी. तुझा बाप माझा मित्र होता." मी काही बोलू शकले नाही.

मार्ग समोरच होता. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे गाडी नाही, त्यांच्या भिंतीलगतच्या जागेत जुना कूलर आणि सायकली पडलेल्या. आजी आनंदाने हो म्हणाल्या. मीटिंग बोलावली, ठराव केला. काकांची गाडी दोन खांबांमधे एकटी, शेजारी फक्त टू व्हीलर, आमच्या फ्लॅटला भिंतीची जागा, आजींच्या घरी गाडी आली तर फेरवाटप, आणि हे सगळं वापरापुरतं, मालकी कोणाचीच नाही. सोबत मापासकट नकाशा आणि बारापैकी अकरा सह्या, एक फ्लॅटवाले परदेशात, त्यांचा ईमेल जोडला. पार्किंगचे म्हणून किमतीत धरलेले ७५ हजार मी काढून टाकले. नवीन पार्टीला टोकनच्या आधी ठराव वाचायला दिला, जुना वाद काय होता तेही सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं आधी सांगितलं.

नवीन बिल्डिंगमधे घेणाऱ्यांनो, महारेराने (बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) एप्रिल २०२४ मधे पार्किंगची लांबी, रुंदी, उंची आणि नेमकं ठिकाण करारासोबत जोडायला लावलंय. ते पान बघितल्याशिवाय सही करू नका आणि आपल्या गाडीचं माप बरोबर घेऊन जा.

किल्ल्या दिल्या त्या दिवशी नवीन लोक वॅगनआर घेऊन आले होते. भिंतीलगत रिव्हर्स घेताना काका काठी टेकवत खाली उभे, "घे, घे, अजून डावीकडे, बस."

ठरावाचा मसुदा कोणाला हवा असेल तर इनबॉक्समधे सांगा, पाठवते.