लाल दिव्याची गाडी

मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून गेले. आमच्या गाडीला तो नंतर मिळाला. टपावर नाही, स्पीडोमीटरच्या कोपऱ्यात. पट्टा बांधून बसलेला एक चिमुकला लाल माणूस आणि त्याच्या पुढ्यात टम्म फुगलेला गोळा. चावी फिरवली की हा गृहस्थ काही सेकंद दर्शन देतो आणि जातो. गेला की समजायचं, एअरबॅगचं सगळं ठीक आहे. आमच्याकडे आला तो मुक्कामालाच.

गाडीतलं दुसरं काहीही बिघडलं तर लगेच कळतं. एसी गरम हवा मारतो, वायपर अर्ध्यात थांबतो. एअरबॅग चालते की नाही हे पाहायचं तर मात्र कुठेतरी जाऊन आपटावं लागतं. इतकी खात्री करून घ्यायची माझी तयारी नव्हती.

आमच्या गोव्यातल्या फोंड्यात अशा वेळी तज्ज्ञांना तोटा नसतो. शेजारच्या काकांनी लांबूनच निदान केलं, "पावसाची ओल आहे. चतुर्थीपर्यंत सुकेल." मेव्हण्याने काळी इन्सुलेशन टेप आणली, चौकोनी तुकडा कापून दिव्यावर चिकटवला आणि "गेला की नाही?" म्हणत टाळीसाठी हात पुढे केला. एका गॅरेजवाल्याची मजल त्याहून पुढे होती. "रेझिस्टर टाकतो, दिवा बंद." म्हणजे खाली गिअरजवळ एअरबॅगचं जे कंट्रोल युनिट असतं, त्याला एअरबॅगच्या पिशवीऐवजी दोन-तीन ओहमचा रेझिस्टर दाखवायचा, ते बिचारं त्यालाच पिशवी समजतं आणि गप्प बसतं. दिवाही जातो आणि पिशवीही. कुत्र्याला झोपेची गोळी देऊन गावात चोर नाहीत म्हणण्यातला हा प्रकार. २०१९ च्या जुलैपासून सरकारने नव्या गाडीत ड्रायव्हरपुढे एअरबॅग सक्तीची केली ती बहुधा याच मंडळींच्या करमणुकीसाठी.

त्यातच हॉर्न गेला. पूर्ण गेला असता तरी चाललं असतं. सरळ रस्त्यावर मुका, उजवीकडे वळताना मुका, डावीकडे स्टिअरिंग वळवलं की खणखणीत! सावईवेऱ्याच्या बाजूला दोन्हीकडे कुळागरं, म्हणजे पोफळीच्या बागा, रस्ता अरुंद आणि वळणामागून वळण. डाव्या वळणावर मी रुबाबात, उजव्या वळणावर खिडकीतून डोकं काढून "ओऽऽ" करत. सायकलवरून पाव विकणारा पोदेर भोंगा वाजवत शेजारून गेला, तेव्हा त्याच्या नजरेत मला धंद्यातल्या माणसाची कीव दिसली. एका इलेक्ट्रिशियनने रिले बदलला. दुसऱ्याने हॉर्नच बदलला. नवा हॉर्नही डावखुराच निघाला.

शेवटी मडगावच्या रस्त्यावरच्या एका मेस्ताकडे, म्हणजे मेकॅनिककडे गेलो. त्याने स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला. ड्रायव्हरच्या एअरबॅगच्या सर्किटमध्ये रेझिस्टन्स जास्त, असा कोड आला. स्क्रीन बाजूला ठेवून त्याने हॉर्न दाबला, स्टिअरिंग थोडं फिरवलं, पुन्हा दाबला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "दुखणें एकूच, बाब."

स्टिअरिंग गोल फिरतं, पण वायर पिळून तुटायला नको, म्हणून आत चपट्या पट्टीच्या केबलची गुंडाळी असते. तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. एअरबॅगचा आणि हॉर्नचा करंट तिच्यातूनच जातो. इतके दिवस दोघांवर वेगवेगळे वैद्य उपचार करत होते.

मेस्ताने बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि चहा मागवला. मला तो आळस वाटला, पण चहा हा दुरुस्तीचाच भाग होता. बॅटरी काढल्यावरही युनिटमधले कपॅसिटर काही मिनिटं चार्ज धरून बसतात. मेव्हण्याला एवढा दम कुठला! तो मल्टिमीटर घेऊन पिशवीचा रेझिस्टन्स मोजायला निघाला. "हात लावं नाका!" मेस्त ओरडला. मीटरच्या बारीकशा करंटनेही आतला बार उडू शकतो आणि एकदा उडाला की साधारण ३० मिलिसेकंदांत पिशवी फुगते. तेवढ्या वेळात मेव्हण्याला सॉरीसुद्धा म्हणता आलं नसतं.

चहा संपल्यावर पिवळा प्लग निघाला. मेस्ताने पिशवीचा डबा दोन्ही हातांनी अंगापासून लांब धरून नेला आणि बाकावर उताणा ठेवला. पालथा ठेवला आणि उडाला तर डबाच छताला जातो. क्लॉक स्प्रिंग उघडली. तपकिरी पट्टीला एका घडीवर केसाएवढी चीर होती. गुंडाळी डावीकडे फिरवली की चिरेची टोकं एकमेकांना टेकत. नवी बसवताना त्याने चाकं सरळ केली, गुंडाळी दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बरोबर मधोमध आणली. मध्य चुकला तर पहिल्याच यू-टर्नला पट्टी तुटते म्हणे.

कोड पुसला, चावी फिरवली, सगळे वाकून बघायला लागलो. काहीच दिसेना. मेव्हण्याची टेप! मेस्ताने ती नखाने सोलली, चावी परत फिरवली. लाल माणूस आला आणि गेला. हॉर्न दोन्ही वळणांना वाजला.

बिल देऊन निघणार तोच मेस्ताचं लक्ष डाव्या बाजूच्या डॅशबोर्डवर गेलं. तिथे आईने चिकटवलेला पितळी गणपती, बरोबर "एअरबॅग" या अक्षरांवर. त्याने आधी हात जोडले, मग सांगितलं की शेजारच्या सीटची पिशवी इथूनच फुटून बाहेर येते. धडक बसली तर देव थेट तोंडावर येईल. त्या सीटवर बसते आईच.

घरी येऊन मी तिला हे सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "देव हलायचा नाही. त्या मेस्ताला सांग, पिशवी दुसरीकडे बसव."