त्रिंबकजी सुटला, मी अडकलो

ठाण्याच्या किल्ल्यात हल्ली जेल आहे हे ठाणेकरांना वेगळं सांगायला नको. म्हणजे किल्ला आतून बघायचा तर आधी एखादा गुन्हा करायला हवा, आणि किल्ल्याचे जुने कागद बघायचे तर अर्ज करायला हवा. दोन्ही करून पाहिलेला माणूस मला अजून भेटलेला नाही, पण माझा अंदाज आहे की गुन्हा सोपा पडेल, निदान त्याला कुणा प्राध्यापकाचं लेटरहेडवरचं शिफारसपत्र तरी लागत नाही.

मला कागद हवेत ते त्रिंबकजी डेंगळ्याचे. दुसऱ्या बाजीरावाचा खास माणूस. १८१५ साली पंढरपुरात बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला, आळ आला त्रिंबकजीवर, मग पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा वकील, एल्फिन्स्टन हात धुऊन मागे लागला आणि बाजीरावाने शेवटी नाइलाजाने त्याला इंग्रजांच्या हवाली केलं. ठेवला कुठे, तर आमच्या ठाण्याच्या किल्ल्यात. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे सोल्जर, कोणी फितूर व्हायला नको म्हणून. आणि तरी सप्टेंबर १८१६ मध्ये हा बाबा पसार! असं सांगतात की एक मोतद्दार घोडा फिरवता फिरवता त्याच्या खिडकीखाली गाणं म्हणायचा, पळायचा सगळा प्लॅन त्या गाण्यात, आणि गोऱ्यांना मराठीचा म सुद्धा येत नसल्यामुळे ते आपले ऐकत उभे. इथे राहून मराठी न शिकण्याचे तोटे हा विषय किती जुना आहे बघा.

हे सगळं घडलं ते माझ्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, पण त्याचे कागद मुंबईत. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, चारशेएक पाहुणे ऐसपैस बसून आले म्हणतात, आणि त्यानंतर ठाणेकर जो उलट्या दिशेला लटकायला लागला तो अजून लटकतोय. त्यात मी. अभिलेखागाराचं नाव सांगत नाही, मला परत जायचंय तिथे.

आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे इंडेक्समध्ये आपला माणूस शोधणं. ठाणे शोधलं, नाही. मग कळलं की साहेबाच्या स्पेलिंगमध्ये आपण टाना आहोत. त्रिंबकजी डेंगळे हा ट्रिंबकजी डेंग्लिया आहे, तोही एका कारकुनाच्या मते, दुसऱ्याच्या मते आणखी काहीतरी. हे सगळं जुळवून मागणीची चिठ्ठी भरायची आणि बसायचं. थोड्या वेळाने शिपाईकाका येतात ते तीनपैकी एक उत्तर घेऊन. "बायंडिंगला गेलंय", "जीर्ण आहे, मिळणार नाही" आणि "जागेवर नाही". यातलं जागेवर नाही हे सगळ्यात भारी, कारण मग ते कुठे आहे हा प्रश्न विचारायची सोयच राहत नाही.

पण एकदा मिळाला खंड. भला जाडजूड, कातडी बांधणीचा, उघडला की तपकिरी चुरा पॅंटवर. आता फोटो. लोकांना वाटतं फोटो काढणं म्हणजे काय, मोबाईल धरला आणि दाबलं बटण. माझी बायको सुद्धा तेच म्हणाली, "अहो, पोरं दिवसभर सेल्फी काढतात." सेल्फीत समोरचा माणूस सहकार्य करतो हो. हा खंड मधोमध उघडा राहतच नाही, डावीकडचं पान दाबलं की उजवीकडचं उठतं, आणि शिवणीत गेलेली अक्षरं वाचायला पुस्तक फाकवावं तर मॅडम लगेच, "सर, पाठ मोडेल त्याची." माझी पाठ मोडली तर चालेल, माझी नोंद कुठल्या रजिस्टरला नाही.

वर पंखा. चालू ठेवला तर पानं फडफडतात, बंद केला तर माझ्या कपाळावरचा घाम पेशवाई अखेरच्या कागदावर पडायला बघतो. यावर वाचनकक्षात कायम दोन पार्ट्या असतात, पंखा हवा आणि पंखा नको. पंखा हवा म्हणणारे ते स्वतःच्या आडनावाच्या कुणबी नोंदी शोधायला आलेले आणि नको म्हणणारे आम्ही रिकामटेकडे, त्यामुळे नैतिक वजन त्यांच्याकडे जास्त, रेग्युलेटर पण त्यांच्याच बाजूला.

मग लाईट. फ्लॅश चालत नाही, बरोबरच आहे ते, तीव्र प्रकाशाने कागद आणि शाई दोन्हीची वाट लागते. खिडकीकडे टेबल नेऊ का विचारलं तर टेबल हलवायचं नाही. उरली ट्यूबलाईट, ती आपल्या डोक्याच्या बरोब्बर मागे, म्हणजे प्रत्येक पानावर माझ्या मुंडक्याची सावली. सावली चुकवायला बाजूने वाकलो तर फोटोत आडवे काळे पट्टे. हे पट्टे का येतात ते मी घरी येऊन वाचलं, आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, डोळ्याला कळत नाही पण मोबाईलचा शटर त्याहून फास्ट पडला की त्याला कळतं. स्पीड कमी करा म्हणजे पट्टे जातात. जातात, पण मग हात हलतो आणि गव्हर्नर इन कौन्सिल, म्हणजे मुंबईचं अख्खं कंपनी सरकार, धूसर.

सगळ्यात मजा शिफॉनची. जीर्ण कागद तुटू नये म्हणून त्यावर दोन्हीकडून शिफॉनचं तलम कापड चिकटवलेलं असतं. (बायको: "शिफॉन म्हणजे साडीचं?" हो, तेच.) आता मोबाईलला वाटतं की आपण कापडाचाच फोटो काढतोय, तो इतका प्रामाणिकपणे कापडावर फोकस करतो की घरी येऊन झूम केलं तर एकेक धागा मोजून घ्या, अक्षर मात्र त्यामागे धुक्यात. स्कॅनरवालं ॲप लावलं तर ते आणखी हुशार, त्याने पिवळा कागद पांढराशुभ्र केला आणि फिकट शाई डाग समजून पुसून टाकली. कोरं पान. टापटीप कोरं पान.

बरं ज्याच्यासाठी हा जीव काढतोय तो अस्सल कागद तरी आहे का? नाही. मूळ पत्र लिहिलं पुण्याच्या रेसिडेंटने, मुंबईच्या कारकुनाने त्याची नक्कल या खंडात उतरवली, लंडनला परत तिसरी नक्कल. कंपनीचा कारभारच तसा, इकडून जाणाऱ्या टपालाच्या प्रती वेगवेगळ्या जहाजांनी जायच्या, एक बुडालं तर दुसरं पोचावं. जेम्स वॉटने १७८० मध्येच ओल्या पातळ कागदावर पत्राचा ठसा उमटवायचं प्रेस पेटंट केलं होतं, तरी कारकून बिचारे टाक घासतच राहिले. माझ्या खंडातला कारकून तर पहिली काही पानं मोत्यासारखी लिहितो, मग अक्षर उतरणीला लागतं आणि शेवटाकडे नुसत्या लाटा. त्याला पण संध्याकाळी घरी जायची घाई असणार. त्याला पगार तरी होता, मी दर फोटोमागे पैसे भरून त्याच्या नकलेची नक्कल काढतोय.

घरी आलं की पुढचे हाल. मोबाईल भरला. काय डिलीट करू विचारतो आणि स्वतःच सुचवतो की हे सगळे फोटो एकसारखेच आहेत, एक ठेवून बाकीचे काढून टाकू का. एका पानाला कसर लागून दोन भोकं पडलीत आणि खाली चीर आहे, तर गॅलरीने त्याला चेहरा समजून विचारलं, ही व्यक्ती कोण? आणि मध्येच एकदा गोड म्युझिक लावून आठवणींचा व्हिडिओ बनवून दाखवला, त्यात आमचा अलिबागचा फोटो, सासूबाईंचा वाढदिवस आणि त्यांच्यामध्ये खंडाची पाठ.

प्रिंट काढायला स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. त्याने आधी आधारकार्ड समजून दोन्ही बाजू एका पानावर घेतल्या, मग मार्जिन घाण दिसतंय म्हणून कापलं, ज्यात कौन्सिलवाल्यांचे शेरे होते, आणि वर आपुलकीने, "काका, लॅमिनेशन मारून देऊ?"

शेवटी भाचा म्हणाला, मामा इतकं काय, आता एआय वाचतं सगळं, पाठवा मला. पाठवला एक त्यातल्या त्यात बरा फोटो, ज्यात माझी सावली फक्त अर्ध्या पानावर होती. पाच मिनिटांत उत्तर. एआयने डेंग्लियाचं डेंग्यू केलेलं, बाकी मजकूर चोख, सारांश असा की सप्टेंबर महिन्यात कडक पहारा असूनही ठाण्याच्या किल्ल्यातून डेंग्यू बाहेर पडला असून तो कोणत्या दिशेने गेला याचा शोध चालू आहे. भाच्याला हे इतकं आवडलं की त्याने ते आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. साल वगैरे काही नाही, नुसतं तेवढंच.

चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी हात जोडलेले पाठवले, बी विंगमधून विचारणा झाली की आपल्याकडे किती पेशंट आहेत, आणि सेक्रेटरींनी, जे माझ्या गळतीच्या तक्रारीला महिनोन्महिने उत्तर देत नाहीत, त्यांनी तासाभरात नोटीस काढली की सोमवारी सकाळी सर्व विंग्जमध्ये धूर फवारणी होईल, कुंड्यांखालच्या बश्यांमधलं पाणी रहिवाशांनी स्वतः ओतून टाकावं.